अनुभव : सासू, सात वर्षं

"आधी सांगूचा, मगे हात लावूचो."

हे ती इतक्या वेळा म्हणायची की ब्युरोतल्या पोरी तिची नक्कल करायच्या. चहाचा कप उचलण्याआधी कपाला सांगायच्या, "बाबानू, उचलतंय हां." तीही हसायची. मग म्हणायची, "हसा गो हसा. कप गरम आसलो तर चटको तरी देता. पडलेलो माणूस काय देतलो?"

घाटकोपरला स्टेशनजवळ एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा ब्युरो होता. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी आम्ही बायका पाठवायचो. एका मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या मेट्रनबाई मालकीण, आणि मी त्यांची टायपिस्ट, टेलिफोनवाली, रजिस्टरवाली, सगळं एकच. वय तेवीस. आपण फार हुशार आहोत, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. आलेल्या बाईचा फॉर्म मी भरायचे.

ती आली तेव्हा चौतिशीची असेल. नवऱ्याची गिरणी बंद पडली होती, परळची खोली सुटली होती, आणि बिऱ्हाड भांडुपच्या एका चाळीत आलं होतं. नवरा दिवसभर दारात बसून रस्ता बघायचा. हे तिनं मला न विचारता सांगितलं. मी विचारलं ते वेगळंच.

"शिक्षण?"

"नाय."

"शाळेत गेलाच नाहीत?"

"गेललंय. पावसात शाळा पडली. मगे कोणी बांधूक नाय."

मी रकान्यात 'नाही' लिहिलं. "अनुभव?"

"सासू."

मी मान वर केली. ती गंभीर होती. "सात वर्सां खाटेर होती. अंगार एक जखम होवक देवक नाय मी."

आतून मेट्रनबाई हसत बाहेर आल्या. "अहो, सासूचा अनुभव कसा चालेल? सासू काय सर्टिफिकेट देते?"

"दिल्यान," ती म्हणाली. "मरताना माझो हात धरल्यान. लेकाचो नाय."

मेट्रनबाईंचं हसू जरा ओसरलं. मी गंमत म्हणून फॉर्मवर लिहिलं, 'अनुभव : सासू, सात वर्षं'. तो फॉर्म आम्ही पुढं कितीतरी दिवस आल्यागेल्याला दाखवून हसत होतो. मी जास्तच.

आम्ही सगळ्याच बायकांना मावशी म्हणायचो, पण नुसतं 'मावशी' म्हटलं की ती, असं वर्षभरात ठरून गेलं. घरं तिचं नाव घेऊन मागायची. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात कोणी वर्ष-दोन वर्षं पडून होतं, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. आजाऱ्याच्या खोलीत शिरणारी माणसं आधी त्याच्या तोंडाकडे बघतात आणि मग खोटं बोलायला लागतात. ही आधी पांघरूण बाजूला करून टाचा बघायची. टाच लाल दिसली की घरातल्या सगळ्यांची हजेरी घेतलीच म्हणून समजा. पोरीबाळी, सुना, मुलगे, कोणी सुटायचं नाही. "तोंड सगळे पुसतत," म्हणायची, "टाच कोण बगता?"

घाटकोपरच्याच एका गुजराती घरातली गोष्ट. म्हाताऱ्या शेटजींना पक्षाघात झालेला. वाचा गेलेली, एक हात तेवढा थोडा हलायचा. दोघे मुलगे खाटेच्या दोन्ही बाजूंना बसून दुकान कोणी घ्यायचं यावर वाद घालत होते, मधे बाप जणू उशी होता. मावशी स्पंज करत होती. तिनं फडकं पाण्यात टाकलं आणि म्हणाली, "शेट, भायर जाके बोलो. ये सुनता है."

ब्युरोला फोन आला. मेट्रनबाई भडकल्या. मी माफीचं पत्र टाइप केलं, मावशीनं खाली अंगठा उठवला आणि मला विचारलं, "ह्येच्यात काय लिवलंहा?"

"तुमचं चुकलं असं लिहिलंय."

"लिवा," ती म्हणाली. "पन तेंका ऐकाक येता."

चौथ्या दिवशी त्याच घरातून पुन्हा फोन आला. शेटजी दुसऱ्या कोणाच्या हातून तोंड उघडत नव्हते. मावशीला परत पाठवा. मेट्रनबाईंनी आढेवेढे घेतले आणि पाठवलं. माफीचं पत्र मात्र फाइलमध्ये राहिलं. चांगल्या गोष्टीचा कागद कोणी करत नाही, हे मला तिथं नोकरी करताना कळलं.

दीड वर्ष असं गेलं. मग हवा बदलली. डॉक्टर आणि पेशंटची मुलं फोनवर पहिलाच प्रश्न विचारायला लागली, "बाई ट्रेन्ड आहे ना?" मुलुंडला एक नवा ब्युरो निघाला होता, तो म्हणे फोटोचं कार्ड देऊन बाई पाठवायचा. मेट्रनबाईंनी आठवडाभरात फळा रंगवून घेतला. वर 'पात्रता', खाली तीन ओळी. सातवी पास. ब्युरोच्या सहा महिन्यांच्या वर्गाचं प्रमाणपत्र. प्रकृती निरोगी. ज्या बायका आधीपासून कामावर होत्या त्यांना सातवीची अट माफ, पण परीक्षा सगळ्यांना. पास होईल तिला गुलाबी कार्ड. नापास होईल तिचं नाव रजिस्टरमधून कमी.

मावशीनं फळा मला वाचायला लावला. दोनदा. मग म्हणाली, "बाय, माका सगळा येता. लिवूक येणा नाय. माझा काय करतलंस?"

मी म्हटलं, "तुमची तोंडी घेऊ." मेट्रनबाईंनीही मान्य केलं. करणारच. कारण वर्गात बसायच्या मेट्रनबाई, आणि शिकवायची मावशी.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मेट्रनबाई खुर्चीत बसून पुस्तकातला परिच्छेद वाचायच्या, 'रुग्णास कुशीवर वळवणे', आणि म्हणायच्या, "मावशी, दाखवा." मग बाकावर झोपलेल्या पोरीला मावशी एका हातानं खांद्याला आणि एका हातानं कमरेला धरून अशी वळवायची की पोरीला कळायचंसुद्धा नाही. पेशंट खाटेवरच असताना मेणकापड आणि चादर कशी बदलायची, पाठीला स्पिरिट चोळून पावडर कशी लावायची, शौचाचं भांडं कसं द्यायचं, सगळं तिनंच दाखवलं. प्रमाणपत्रावर शिक्षिका म्हणून नाव मेट्रनबाईंचं.

त्या वर्गात विक्रोळीची सुनीता नावाची एक मुलगी होती. नववी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. पहिल्याच आठवड्यात वर्गाला एका घरी खरोखरच्या पेशंटकडे नेलं, तर भांडं बघून ही बाहेर जिन्यात जाऊन ओकली. पुढच्या वेळी मावशीनं तिला शेजारी उभं केलं. "भांड्याकडे बगू नको गो. तेच्या तोंडाकडे बग. तुझ्यापरास तेका जास्त लाज वाटता." सुनीता रडत रडत शिकली. शिकली म्हणजे परीक्षेपुरती शिकली. स्वभावानं गरीब पोर होती, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

परीक्षेच्या दिवशी मावशी ठेवणीतलं हिरवं पातळ नेसून आली. प्रश्न विचारायला आमच्याच रस्त्यावर नवा दवाखाना टाकलेले एक तरुण डॉक्टर होते. शेजारी मी, हातात मेट्रनबाईंनी काढलेली छापील उत्तरं. वीस प्रश्न, दहा बरोबर आले की पास. बरोबर-चूक खूण मी करायची.

"ताप किती डिग्रीला म्हणायचा?"

"हाताक कळता."

चूक.

"जंतू म्हणजे काय?"

"दिसणत नाय पन आसतत ते."

डॉक्टर हसले. बरोबर.

"नाडीचे ठोके मिनिटाला किती?"

"माझे काय तेंचे?"

चूक. असं करत करत एकोणीस प्रश्न झाले आणि तिचे नऊ बरोबर होते. मी बोटांवर मोजत होते. शेवटचा प्रश्न आला तेव्हा मला हायसं वाटलं, कारण हे तर तिच्या घरचंच होतं.

"रुग्णाला कुशीवर वळवण्यापूर्वी काय करावं?"

"तेका सांगूचा," ती म्हणाली. क्षणाचाही उशीर नाही. "बाबानू, तुमका वळवतंय, भियाव नको. असा सांगूचा. शुद्धीर नसलो तरी सांगूचा."

माझ्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं, 'हात साबणाने स्वच्छ धुवावेत.'

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. त्यांना घाई होती, दवाखान्यात पेशंट ताटकळले होते. मेट्रनबाई आत फोनवर होत्या. मी बरोबरची खूण केली असती तर जगात कोणाला कळलं नसतं, आणि कळलं असतं तरी कोणी भांडलं नसतं. पण मी फार काटेकोर होते. आपण कोणाची गय करत नाही याचा मला अभिमान होता. त्या वयात काहींना मुरुमं येतात, मला तत्त्वं आली होती. मी चूक अशी खूण केली.

नऊ. नापास.

ती माझ्याशी भांडली नाही. "हात धुवूचे ता काय सांगूचा आसता?" एवढंच म्हणाली. "ते कोणय धुता."

सुनीता पहिली आली.

आता पुढचं ऐका. रजिस्टरमधून मावशीचं नाव कमी झालं आणि पंधरा दिवसांत घरांचे फोन सुरू झाले. शेटजींचं घर, आणखी चार घरं. आम्हाला त्याच बाई पाठवा. कार्ड असलेल्याच पाठवा, आणि त्याच पाठवा. दरम्यान सुनीताचं लग्न ठरलं. ती एकाही घरी कामाला न जाता डोंबिवलीला निघून गेली, तिचं कार्ड ऑफिसातच पडून होतं. मेट्रनबाईंनी एके दुपारी ते कार्ड काढलं, ओल्या बोळ्यानं सुनीताचा फोटो सोडवला आणि मावशीचा चिकटवला. गोल शिक्का पुन्हा मारला.

"आजपासून तुम्ही सुनीता," त्या म्हणाल्या. "घरच्यांना सांगा, हेच खरं नाव."

मावशीनं कार्ड उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाली, "नाव कोणाचा का असंना. हात माझेच आसत."

तिला काम हवं होतं. नवरा अजून दारातच बसलेला होता.

त्या दिवसापासून रजिस्टरमध्ये रोज मी लिहू लागले : सुनीता, अमुक घर, दिवसपाळी. चार वर्षं लिहिलं. मुलुंडचे मास्तर, विलेपार्ल्याच्या आजी, पुन्हा शेटजी, ते जाईपर्यंत. चार वर्षांत तिच्या एकाही पेशंटच्या पाठीला जखम झाली नाही. आमच्या डॉक्टरांनी हे आपल्या तोंडानं मेट्रनबाईंना सांगितलं. मेट्रनबाई म्हणाल्या, "आमच्या ट्रेनिंगचा गुण." आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. आमच्या ब्युरोत दळणारं आंधळं नव्हतं, एवढाच फरक.

मग एक दिवस ती आली ती जिना चढताना धापा टाकत, पण तोंडभर हसत. हातात पेपराचं कात्रण. कुठल्याशा इस्पितळात आया म्हणून कायमच्या जागा भरायच्या होत्या. चाळीतल्या कोणी तिला वाचून दाखवलं होतं.

"बाय, वाच. शिक्षण इचारूक नाय हत!"

खरंच विचारलं नव्हतं. शिक्षणाची अट नाही. वय चाळिसाच्या आत. एखाद्या संस्थेतला किमान तीन वर्षांचा अनुभव, संस्थेचा दाखला जोडावा. तिला चाळीस पुरी व्हायला दोन महिने होते. पुन्हा जाहिरात येईपर्यंत ती वयात बसणार नव्हती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

"कायमची नोकरी गो," ती म्हणाली. "ह्यांका म्हटलंय, आता तुमी दारात बसा नायतर गच्चीर बसा, माका काळजी नाय. दी दाखलो."

मी कागद मशीनमध्ये चढवला. मग रजिस्टर उघडलं.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं, रोज त्याच रजिस्टरमध्ये लिहीत असून. तिच्या नावावर दोन वर्षं आणि दोन महिने होते. त्याच्यापुढं 'परीक्षेत अनुत्तीर्ण, नाव कमी' असं माझ्याच अक्षरात. पुढची चार वर्षं सगळी सुनीताची.

मी आत गेले. मेट्रनबाईंनी ऐकून घेतलं, चष्मा काढला. "अगं, ती नापास झाल्यावरही आपण तिला पाठवत होतो, असं आपणच लिहून द्यायचं? उद्या एका तरी घरानं विचारलं तर? ब्युरो बंद होईल. तुझी नोकरीसुद्धा जाईल." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "बाई चांगली आहे गं. पण कागद नाही."

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. मेट्रनबाईंची सही मला हुबेहूब यायची. ऑफिसातल्या निम्म्या पत्रांवर ती मीच करायचे, त्यांच्याच सांगण्यावरून. मी बाहेर येऊन मशीनवर 'तीन वर्षे' एवढे दोन शब्द मारले असते आणि खाली सही केली असती, तर काम झालं असतं. पण माझं लग्न ठरलं होतं, नोकरी असलेली मुलगी म्हणून ठरलं होतं. मी मशीनमधला कोरा कागद काढून घेतला.

"मावशी, नाही जमत."

"कित्याक?"

मी रजिस्टर तिच्यासमोर धरलं. वाचता येत नाही अशा बाईसमोर मी रजिस्टर धरलं, काय म्हणावं मला! "दोन वर्षं आणि दोन महिनेच भरतात तुमचे. बाकीची सुनीताच्या नावावर आहेत."

ती त्या पानांकडे बघत होती. एकेक पान तिनं स्वतः उलटलं. सगळीकडे माझं अक्षर.

"मगे ती वर्सां मी खय होतंय?" तिनं विचारलं.

तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मग तिनं पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं गुलाबी कार्ड काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. "ज्येचा हा तेका दी," म्हणाली. मेट्रनबाई आतून "मावशी, अहो ऐका तर" म्हणत बाहेर आल्या तोवर ती जिना उतरून गेली होती. पुन्हा आली नाही. घरांचे फोन आले, आम्ही सांगितलं, सुनीता गावी गेली.

भांडुपला तिची चाळ कुठं होती ते मला माहीत होतं. फॉर्मवर पत्ता होता. एका बसचं अंतर. मी गेले नाही. आज जाईन, रविवारी जाईन करत वर्ष गेलं. लग्नानंतर मी बोरिवलीला आले आणि मग जायचा प्रश्नच मिटला, असं मी स्वतःला सांगितलं. ती कुठं आहे, आहे का, तिचं आता कोण करतं, मला काही ठाऊक नाही. लाज वाटते म्हणून हे लिहायला घेतलं, आणि लिहूनही लाज जात नाही.

पण मी अजून शेवटचं सांगितलं नाही.

मावशी गेल्यावर दहाएक दिवसांनी सुनीता आली. कडेवर मूल, गळ्यात काळी पोत, अंगानं निम्मी झालेली. नवऱ्याचा कारखाना बंद होता. तिच्याही हातात तेच कात्रण होतं.

"ताई, मी वर्ग केला होता ना इथं. त्याचा दाखला मिळेल का? अनुभव लागतो म्हणे, तो तर माझा नाही. पण निदान वर्गाचा तरी द्या."

मी आत जाऊन विचारलं. मेट्रनबाईंनी रजिस्टर मागवलं, चार वर्षांची पानं चाळली आणि म्हणाल्या, "हिचं तर सगळं कागदावर आहे. दे की. आपल्याला काय अडचण?"

अडचण खरोखरच नव्हती. मी कागद चढवला. एरवी असा दाखला मी पाच ओळींत उरकायचे. त्या दिवशी हात थांबेना. सदर महिलेने आमच्या संस्थेत सलग चार वर्षे घरी पडून असलेल्या रुग्णांची सेवा केली. या काळात तिच्या एकाही रुग्णाच्या अंगास जखम झाली नाही. वाचा गेलेल्या, बेशुद्ध रुग्णांशीही ती माणसासारखी वागते. रुग्णाची लाज राखते. घरे तिला मागून घेतात. तिने शिकवलेल्या मुली आज ठिकठिकाणी काम करीत आहेत. पान भरलं. मेट्रनबाईंनी न वाचता सही केली.

सुनीता शिकलेली, तिनं उभ्या उभ्या सगळा वाचला. पुन्हा वरून सुरुवात केली. मूल तिच्या कुडत्याची बटणं ओढत होतं.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्या मावशी आहेत."

"हो."

ती कागद धरून उभी राहिली. मी नाही म्हणावं अशी तिची इच्छा होती की मी हो म्हणावं अशी, मला कळलं नाही.

"अर्जाची शेवटची तारीख कधी आहे?" तिनं विचारलं.

"उद्या."

तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं, कागदाची नीट चौपदरी घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. ती जागा तिला मिळाली.